टोचेमामा

मामांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, स्क्रूड्रायव्हर असतो. पिवळ्या मुठीचा, वीतभर लांब, टोक जरा झिजलेलं. खिशाला मामीने आतून दुहेरी कापड लावून दिलंय, कारण त्या टोकाने आधी बरेच खिसे फाडले. लग्नाला जाताना सिल्कचा सदरा घातला तरी स्क्रूड्रायव्हर जागेवर. कोणी विचारलं तर मामा एवढंच म्हणतात, "लागतो." कशाला लागतो ते पाच मिनिटांत कळतं. मांडवाच्या खांबाला, हॉलच्या चौकटीला, जिन्याच्या लोखंडी कठड्याला ते हळूच टोक लावतात, अंगठ्याने दाबतात आणि मान हलवतात. एकदा तर नवरानवरीच्या सिंहासनाचा पाय त्यांनी असाच तपासला आणि माझ्या कानात म्हणाले, "आतून गेलंय." पुढचे दोन तास आमच्या रांगेतलं कोणी नवरीकडे बघितलं नाही. सगळे त्या पायाकडे बघत होते.

आमच्या मोरजी गावात मामांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. बाकी सगळ्यांचे ते टोचेमामा. त्यांना हे ठाऊक आहे आणि ते आवडतं, असा माझा संशय आहे.

तुमच्याकडेही असा एकजण असणार. नव्या फ्लॅटची वास्तुशांत असते, सगळे पडद्यांचं कौतुक करत असतात आणि हा माणूस नहाणीघरात उकिडवा बसून फरशीवर बोटाच्या पेराने टकटक करत असतो. "ही पोकळ वाजतेय." यजमानाचा चेहरा पडतो. त्यातलं वाईट हे, की फरशी खरोखरच पोकळ असते. ही माणसं खोटं बोलत असती तर निभलं असतं. ती बरोबर असतात, म्हणून त्यांना जेवायला बोलवायचं जिवावर येतं. माझ्या चुलत बहिणीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलाची चौकशी बाकीच्यांनी केली, मामांनी ओसरीच्या खांबाची केली. खांबाला वाळवी निघाली. लग्न झालं, संसार छान चाललाय, पण बहिणीच्या सासरी अजून मामा आले की कोणीतरी खांबाला पाठ लावून उभं राहतं.

ही खोड लागली नदीवर. मामा सरकारी फेरीबोटीवर इंजिनात होते. शिवोली-चोपडेचा पूल नव्हता तेव्हा आमच्या बाजूच्या माणसाला त्या वाटेने म्हापशाच्या बाजाराला जायचं तर शापोरा नदी फेरीनेच ओलांडावी लागे. मामांनी तिथे उमेदीची वर्षं काढली. मग पूल झाला, फेरी बंद झाली आणि त्यांची बदली चोडणला, तिथून दिवाडीला. फेरीबोट म्हणजे लोखंडाची सपाट परात. खाऱ्या पाण्यात बसायचं, वरून पाऊस घ्यायचा, दिवसभर मोटारी अंगावर नाचवायच्या. मधून मधून तिला गोदीत चढवून तळ खरवडावा लागतो आणि तेव्हा एक माणूस हातोडी घेऊन तळाखाली सरकतो आणि वाजवत जातो. तो माणूस मामा. त्या वाजवण्याचं त्यांचं शास्त्र तीन ओळींचं आहे. ठण्ण म्हणजे पत्रा शाबूत. ठक म्हणजे अर्धा गेला. आणि आवाजच आला नाही तर हातोडी आत गेली.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, शेअरबाजारात पडतात, किंवा पंचायतीत तक्रारी करतात. मामांच्या हातात हातोडी होती आणि वाजवायला काही नव्हतं. घरातली कपाटं, विहिरीचा रहाट, फाटक, मामीचा पाटा-वरवंटा हे सगळं वर्षभरात वाजवून झालं. तेवढ्यात गाडी आली.

2020 च्या लॉकडाउननंतर पुण्याचं एक जोडपं आश्व्याला घर भाड्याने घेऊन राहिलं होतं. लॅपटॉप दोन, कुत्रा एक आणि ही गाडी. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यांनी तिचं घर केलेलं होतं. आत पलंग, सिंक, गॅसची शेगडी, पाण्याच्या टाक्या, खिडक्यांना पडदे, छताला दिव्यांची माळ. बाहेरून निळा रंग आणि त्यावर हसरा देवमासा. गाडी त्यांनी समुद्र दिसेल अशा बेताने लावली होती. समुद्रालाही ती दिसत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गोव्यात पाऊस साधारण 3000 मिलिमीटर पडतो, म्हणजे जवळजवळ 120 इंच. असे दोन पावसाळे आणि मधले महिने खारा वारा. तिसरा पावसाळा तोंडावर आला तेव्हा पुण्याच्या ऑफिसने त्यांना परत बोलावलं आणि गाडी विकायला निघाली.

आम्ही बघायला गेलो. मी बँकेतला माणूस, कागदपत्रं बघितली. माझ्या मित्राने इंजिन बघितलं. मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं जुनं डिझेल, त्याला काही धाड भरलेली नव्हती. मामीने सिंकचा नळ सोडून बघितला. मामांनी फक्त विचारलं, "जुने पेपर आहेत?" आणि रद्दी पसरून ते गाडीखाली गेले. अर्धा तास फक्त पाय दिसत होते. मधून ठण्ण, मधून ठक. मग बराच वेळ काही नाही.

"मामा?"

"गेली," आतून आवाज आला. "हातोडी गेली."

मामा बाहेर आले तेव्हा केसांत तपकिरी भुगा होता आणि चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, आनंद. आम्ही काखोटीला पिशव्या मारून निघायच्या तयारीत होतो. मामांनी खिशातून पैसे काढून विसार दिला. रस्त्यात मी विचारलं, खालून कुजलेली गाडी घेतली कशाला? म्हणाले, "त्यांनी वरून काळं फासलं नाही. गंज होता तसा ठेवला. सज्जन माणसं आहेत." त्या सज्जन माणसांना गाडीला खालची बाजू असते हेच माहीत नव्हतं, हे मी बोललो नाही. किंमत किती दिली, याचा मला त्यांनी एक आकडा सांगितला, मामीला दुसरा. खरा तिसराच असावा.

गाडीच्या मागच्या दारावर बजाज टेम्पोचं नाव अजून होतं, म्हणजे ती 2005 च्या आधीची. त्या वर्षी आकुर्डीच्या कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतलं. मूळ गाडी जर्मनीतल्या मर्सिडीजच्या व्हॅनवरून बेतलेली, म्हणून मामा तिला लाडाने "जर्मन बाय" म्हणायला लागले. निळा रंग खरवडला तर खाली पिवळा निघाला. पुण्यात कधीतरी ही शाळेची बस होती. सीटचे नट होते त्या जागी एका फटीत मामीला एक खोडरबर सापडलं. ते तिने देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. का, ते विचारू नका.

अंगणात माडाखाली गाडी चार घोड्यांवर चढली आणि मामा दिवाळीपर्यंत रस्त्यावर आणतो म्हणाले. कुठली दिवाळी, ते बोलले नव्हते.

गंज हा वरून लागतो असं आपल्याला वाटतं. मामांनी मला खाली झोपवून दाखवलं तेव्हा कळलं, की तो आतून येतो. चासीचे दोन लांब दांडे आतून पोकळ असतात. पाणी निथळून जावं म्हणून त्यांना खाली बारीक भोकं ठेवलेली असतात. त्या भोकांत आश्व्याची वाळू जाऊन बसली. मग वरून जे पाणी उतरलं ते आतच राहिलं, त्यात मीठ, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे मे महिन्यातही दांडा आतून ओला. त्यात सिंकचा पाइप गळत होता, तो नेमका दाराच्या पायरीजवळच्या आडव्या पट्टीवर. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्यापेक्षा कितीतरी पट जागा घेतं, आणि शेजारचा चांगला पत्राही ढकलून उचकटतो. मामांनी स्क्रूड्रायव्हर खुपसून एक पोपडा काढला. एकावर एक पदर, तपकिरी, काळसर, पुन्हा तपकिरी. "बघ," ते म्हणाले, "बेबिंका." गेल्या नाताळात शेजारच्या घरून बेबिंकाचं ताट आलं तेव्हा मी हात लावला नाही.

निघालेला गंज मामांनी टाकला नाही. तुपाच्या रिकाम्या डब्यात भरला, डब्यावर खडूने तारीख आणि जागा लिहिली. उजवा दांडा, मागे. पायरी. डावं चाक, आतून. असे डबे पडवीत रांगेने लागले. पाहुणा आला की चहाआधी डबे. एकदा त्यांनी ते सगळे मासळीवालीच्या काट्यावर तोलून घेतले. 11 किलो भरले. मासळीवालीने भाव विचारला.

सल्ला द्यायला अख्खा गाव येत होता. एकजण म्हणाला, जळकं ऑइल मारा, आमचे वडील जीपला दर मे महिन्यात मारायचे. दुसरा म्हणाला, डांबर फासा. मामा डांबराच्या नावाने पेटायचे. "ओल्या जखमेवर प्लास्टर घालायचं? आतला ओलावा आतच, बाहेरून सगळं काळंभोर, नि चार वर्षांनी दांडा हातात!" तिसरा म्हणाला, भंगारात घाला. त्याला मामांनी चहा न देता परत पाठवलं.

एक रशियन मात्र वेगळा निघाला. आमच्याकडे रशियन लोकांची नवलाई नाही, दुकानांच्या पाट्या त्यांच्या लिपीत आहेत नि म्हापशाला जाणाऱ्या बशीत त्यांची पोरं आमच्या पोरांशी कोकणीत भांडतात. हा स्कूटरवरून चालला होता. थांबला, गाडी बघितली, मामांचे पाय बघितले, आणि काही न बोलता शेजारी चटईवर उताणा होऊन आत सरकला. दोघे तासभर खाली. त्यांच्या देशात थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, गाड्या खालून सडतात. त्याचं दुःख जुनं होतं. इंग्रजी दोघांनाही बेताचं, पण बोट, स्क्रूड्रायव्हर आणि सुस्कारा एवढ्यावर गप्पा झाल्या. मामांना रशियन भाषेतला एकच शब्द येतो, र्झावचिना. म्हणजे गंज. तो ते आता सगळ्या रशियनांना अभिवादन म्हणून घालतात. बरेचजण घाबरून पुढे जातात. एकदोघांनी मात्र हात मिळवलाय.

वेल्डिंगला मेस्त डिचोलीचा. खाणी जोरात होत्या तेव्हा टिपरांची बॉडी दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, टिपर रांगेने उभे राहिले आणि मेस्त गेटं, ग्रिलं, शॅकचे सांगाडे असं मिळेल ते करू लागला. माणूस गुणी, पण त्याच्या तोंडी एक शब्द कायम, "फाल्यां". फाल्यां म्हणजे उद्या. मेस्ताचं फाल्यां पंचांगात सापडत नाही. फोन केला की "फाल्यां येता, मामा," आणि मामा सकाळी आंघोळ करून फाटकात उभे. असे आठ फाल्यां गेल्यावर नवव्याला तो रिक्षातून यंत्र घेऊन आला आणि जणू कालच बोलणं झालंय अशा थाटात विचारलं, "करंट खंय घेवचो?"

त्याचं नि मामांचं पहिल्या तासात वाजलं. टिपरच्या जाड प्लेटीला मेस्ताचा हात बसलेला, तो 8 नंबरचा रॉड घेऊन आला होता. रॉडचा नंबर वाढतो तसा रॉड बारीक होतो, हे मला तेव्हा कळलं. 8 नंबरच्या जाड्या रॉडने गाडीच्या पातळ पत्र्याला हात लावला आणि बोट जाईल एवढं भोक पडलं. ते बुजवायला गेला, ते दुप्पट झालं. मामा शांतपणे म्हणाले, "मेस्ता, आपण भोकं बुजवायला बसलोय." मग म्हापशाहून 12 नंबरचे रॉड आले.

दुसरं भांडण तत्त्वाचं. मेस्त म्हणत होता वरून पट्टी मारू, एका दिवसाचं काम. मामांना कुजलेलं सगळं कापून, चांगलं लोखंड लागेल तिथपर्यंत मागे जाऊन, नवं 3 मिलिमीटरचं चॅनेल जोडायचं होतं. "चांगलं कुठे सुरू होतं?" मेस्ताने विचारलं. मामांनी टोचायला सुरुवात केली. एक बोट मागे, टोक घुसलं. अजून एक बोट, घुसलं. असं करत करत चांगलं लोखंड मागच्या पाट्याच्या कमानीपाशी लागलं. एका दिवसाचं काम एका मोसमाचं झालं.

भांडून दमले की दोघे माडाला टेकून विडी ओढत आणि तेव्हाचं त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. एकदा मेस्त डब्यातला भुगा चिमटीत घेऊन म्हणाला, "मामा, आमच्या खाणीतली माती अशीच." ते खरंच आहे. खाणीतलं हेमाटाइट म्हणजे लोखंडाला ऑक्सिजन चिकटलेला. गंज म्हणजे तरी दुसरं काय? वर्षानुवर्षं आपण जहाजं भरभरून जपानला आणि चीनला गंजच पाठवला. तिथे भट्टीत घालून त्यांनी लोखंड सुटं केलं, गाड्या केल्या. मेस्ताने बराच विचार केला. "म्हणजे तीस वर्सां हांवें गंज व्हावपी टिपर सांदले," तो म्हणाला आणि इतका हसला, की विडी विझली.

वेल्डिंगच्या तयारीचा मामांचा विधी मुंजीसारखा. बॅटरीची वायर काढून तिला लाल फीत बांधायची. डिझेलची टाकी उतरवून माडाच्या पलीकडे. गॅसचा सिलिंडर शेजाऱ्यांकडे, शेजारी घरात नसले तरी. आणि मामी आत. गाडीची जमीन प्लायवूडची. खाली वेल्डिंग चालू असताना वरचं प्लाय धुमसायला लागलं तर खालच्या माणसाला दिसत नाही. म्हणून मामी आत पलंगावर, जवळ पाण्याची बादली, मांडीवर ओलं गोणपाट, हातात पळी. खुणा ठरलेल्या. पळीने जमिनीवर एकदा ठोकलं तर धूर. दोनदा ठोकलं तर चहाची वेळ झालीय. तीनदा म्हणजे मला उतरायचंय. मामीने त्या पलंगावर बसून दोन स्वेटर विणले. मोरजीत स्वेटर कोणाला लागतो, तर कोणाला नाही. एक मला आहे.

मामांचा एक दंडक होता. एकावेळी एकच तुकडा कापायचा, तो जोडून झाला की दार उघडून बंद करून बघायचं, मग दुसरा. दार नीट लागतंय तोवर सांगाडा सरळ आहे. एके दिवशी मामा पेडण्याला पेन्शनच्या कामाला गेले. मेस्ताला घरी जायची घाई. त्याने पायरीपाशी दोन आडव्या पट्ट्या एकदम कापल्या. गाडी अंगठाभर खचली. फार नाही, अंगठाभरच, आणि दार चौकटीत आवळलं. आत मामी. तिने तीनदा ठोकलं. मेस्ताला खुणा माहीत नव्हत्या, त्याला वाटलं चहा. "जाता, मामी, जाता!" तो म्हणाला. मामीने परत तीनदा ठोकलं. मग सलग. मेस्त घाबरून दार ओढायला लागला तर दार हलेना, मागचं दार पलंगाने बंद, आणि खिडकी मामीच्या मानाने अरुंद. मी बँकेतून आलो तेव्हा अंगणात वीसेक माणसं होती, दोघे मोबाइलवर चित्रण करत होते, आणि खिडकीतून मामी सगळ्यांशी बोलत कैरीच्या फोडी चिरत होती. कैऱ्या तिला कोणीतरी आत दिल्या होत्या.

मामा आले. कोणाला काही बोलले नाहीत. रद्दी पसरून खाली गेले, दांड्याखाली फळकूट घालून जॅक लावला आणि जॅकचा दांडा मारायला लागले. दाराकडे बघत मी उभा होतो. चौकटीची वरची फट आधी एका बाजूला जाड, दुसरीकडे नाहीच, मग हळूहळू सुतासुताने सारखी होत गेली. खटकन आवाज झाला आणि दार आपणच वीतभर उघडलं. मामी उतरली, कैरीचं ताट माझ्या हातात दिलं आणि मामांच्या पायांना उद्देशून म्हणाली, "माझ्या घरात मला कोंडलंत ते कोंडलंत, वर मेस्ताला चहाही मीच करायचा?" मेस्त दुसऱ्या दिवशी, फाल्यां न म्हणता, सकाळी सातला हजर होता.

मधे कासवांचे महिने आले. आमच्या टेंबावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वनखातं घरटी राखतं, तिथे रात्री उजेड आणि गोंगाट चालत नाही. आमचं अंगण किनाऱ्यापासून आत असूनही मामांनी सूर्यास्तानंतर ग्राइंडर बंद केला. एका पहाटे ते मला घेऊन गेले. मादी अंडी पुरून परतत होती. मामा लांब उकिडवे बसून डोळे बारीक करून बघत राहिले. कासवाची पाठ म्हणजे त्याच्या बरगड्या आणि कणाच पसरून झालेला असतो, हे मी शाळेत शिकलेलं सांगितलं. "म्हणजे बॉडीच चासी," मामा म्हणाले. त्यांचा हात खिशाकडे गेला. मी तो धरला.

"टोचत नाही रे," ते दुखावून म्हणाले. "नुसता लागला हात."

शेवटी काम झालं. कोणत्या दिवाळीला, ते सोडा. दांड्यांची भोकं मोकळी केलेली, जोड घासलेले, प्रायमर दोन हात, वर काळा रंग. मामा गाडी ओट्याजवळ लावून लोकांना खाली बघायला बोलवत. निळ्या रंगाचे पोपडे, देवमाशाची उडालेली शेपटी, फाटकी सीटं तशीच होती. "वरचं मागीर बघू," ते म्हणायचे. मामीला वरचं आधी हवं होतं, पण तिने पहिल्या सफरीचा बेत ठरवला, रेडीचा गणपती. खाणीच्या भागात 1976 साली सापडलेली ती मूर्ती. लांब नाही, मांद्रे, हरमल, केरीवरून तेरेखोलची नदी ओलांडली की पलीकडे. नदी ओलांडायला फेरी.

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

केरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपारची सुस्त वेळ, फेरीवर आमच्याशिवाय तीन दुचाक्या. गाडी कडेला लागली. मामा उतरले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या मुठीने कठडा वाजवला. ठण्ण. दुसरीकडे वाजवला. ठण्ण. फळीजवळ गेले, वाकले, ठण्ण. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा मी सांगू शकत नाही. खलाशी धावत आला, "ओ काका, किदें करता?" आणि त्याच्यामागून इंजिनातला माणूस डोकावला. तो बघतच राहिला. "मामा? चोडणचे मामा?" शिकाऊ म्हणून तो मामांच्या हाताखाली लागला होता. दोघे इंजिनात उतरले. तेरेखोल आलं, दुचाक्या उतरल्या. फेरी परत फिरली. मी मामीकडे बघितलं. ती स्वेटर काढून बसली होती.

तिसऱ्या फेरीला मामा वर आले, पण एकटे नाही. त्या इंजिनवाल्याला त्यांना गाडीची चासी दाखवायची होती. दोघे उताणे होऊन खाली सरकले. चार पाय, एकाला सरकारी बूट. मामीने एक सुस्कारा सोडला, उठली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाडीतली शेगडी पेटवली. पाणी किंचित डुचमळत होतं, तेवढ्याच तालावर कप एका बाजूला सरकत होते. खलाशी दारात येऊन उभा राहिला. पलीकडे किल्ला जवळ यायचा, मग लांब जायचा, मग परत जवळ.

चहा उकळला. मामीने पळी घेतली आणि जमिनीवर दोनदा ठोकलं.

खालून उत्तर आलं. ठण्ण.